आण्णांचा खात्रीचा हेडसेट

कोल्हापुरात मला माणसात आणलं ते जिनगोंडा आण्णांनी. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही... सहा आठवड्यांपूर्वी हुपरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. "सकाळी अंघोळ करून बसलंतं, आन् गेलं की वो." मी हँगरमध्ये विमानाच्या काचा पुसत होते. फोन ठेवला आणि आधी त्यांच्या कपाटाकडे बघितलं.

मी चंद्रपूरकडची, सातवीत शाळा सुटलेली. नवऱ्याच्या नोकरीमागं इथं आले आणि विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत सफाईचं काम मिळालं. आण्णा तिथं हेडसेट दुरुस्त करायचे. लहान विमानात इंजिनापुढं शेजारच्याचंही ऐकू येत नाही; कानांवरच्या दोन वाट्या आणि ओठांपुढचा माइक, एवढ्याच्या भरवशावर पोरं वर जातात. त्याआधी आण्णा हुपरीला चांदीच्या पैंजणांना डाग द्यायचे, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडायचे. तेच हात इथं केसासारखी तार अशी जोडायचे, की जोड शोधून सापडू नये. आणि या माणसाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं! दोन्ही वाट्या तपासायला हेडसेट एकदा सरळ आणि एकदा उलटा चढवायचे, डोळे मिटून एकट्या उजव्या कानानं ऐकायचे. मी फडकं हातात धरून बघत राहायचे.

त्यांची एक रीत होती. तक्रार आली की हत्यार उचलायचं नाही. कपाटात हिरवी चिंधी बांधलेला एक हेडसेट असायचा, उड्डाणाला कधीच न दिलेला, खात्रीचा. तो तक्रारीच्या सीटला लावायचा आणि तिथला हेडसेट शेजारच्या सीटला. "दुखणं हेडसेटसंगं गेलं का सीटवरच ऱ्हायलं, एवढंच बघायचं. उगं विमान कशाला उसवायचं?" मला मात्र वर्षभर नावानं नाही, "पावणं"च म्हणायचे. "काय पावणं, जेवलासा काय?"

एकदा मी आपणहून माइकवरची स्पंजची टोपणं काढून धुतली, वाळवली, परत बसवली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी एकटीनं उड्डाणाला निघाली, तर विमानतळाच्या टॉवरला तिचं बोलणं कळेना. नुसता इंजिनाचा गोंगाट. विमान जमिनीवरूनच परत आलं. प्रशिक्षक ओरडले, "रेडिओ गेला! पुण्याहून माणूस बोलवा."  आदल्या दिवशी हात लावणारी मीच. काम गेलं तर या परक्या गावात मला कोण विचारणार...

आण्णा विमानात चढले. चिंधीवाला लावून बोलले, शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांना खणखणीत ऐकू गेलं. मुलीचा हेडसेट शेजारच्या सीटला लावला, तिथंही तसाच गोंगाट. "रेडिओ बरा हाय. दुखणं हेडसेटसंगं आलंय." मग टोपण काढून माइक चाचपला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. माइकवर एक पांढरा ठिपका असतो, तो ओठांकडं हवा. टोपण ओढताना माझ्या हातून माइकच फिरला होता. बाहेरचा गोंगाट गाळणारा माइक उलटा झाल्यावर माणसाचाच आवाज गाळत होता.

"मी केलं, आण्णा." तोंडातून निघूनच गेलं.

"उद्यापासून ही नको," प्रशिक्षक म्हणाले.

आण्णांचा आवाज हँगरभर घुमला. "का वो सायेब? कबूल करणारं माणूस घालवायचं आन् लपवणारं आणायचं व्हय?"  आण्णांनी हेडसेट माझ्या हातात दिला. "सुमन, फिरव त्यो माइक. आन् तूच बोलून बघ."

पहिल्यांदा नावानं हाक मारली त्यांनी. ठिपका ओठांकडं आणला, "एक, दोन, तीन" म्हटलं. माझाच आवाज माझ्या कानांत इतका स्वच्छ आला... गाव सोडल्यापासून मी स्वतःला असं ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आण्णांनी डाग द्यायला शिकवायला घेतलं.

आता कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे. तक्रार आली की अजून आधी वाटतं, आपल्याच हातून झालं असणार. हिरव्या चिंधीचा काढते, डोळे मिटते, एकदा सरळ घालते, एकदा उलटा. माझे दोन्ही कान धड आहेत, तरीही.

आण्णा, कधीतरी कुणी माझ्यापुढं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उभं राहून "मी केलं" म्हणेल. त्या दिवशी मी तुमच्याएवढ्याच मोठ्यानं बोलेन. भित्री आहे मी, तुम्हाला ठाऊकच आहे. पण बोलेन.