टाकीचं झाकण आणि जानव्यातली किल्ली

आमची गाडी बंद पडायची ती आवाज न करता. आधी चढावर तिचा जोर कमी व्हायचा, मग सपाट रस्त्यावरही, आणि शेवटी एखाद्या बाभळीशेजारी ती मुकाट उभी राहायची. ड्रायव्हर म्हणायचे, "ताई, दम तोडला तिनं." बॉनेट उघडून ते हातपंप मारत बसायचे. वीस मिनिटांनी गाडी सुरू व्हायची आणि काही झालंच नाही अशी पुढे दहा-बारा मैल धावायची.

एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं होती ती. बाबा अमरावतीला वकिली करत. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आले होते आणि अकोल्याच्या एका इंग्रजी शाळेत शिकवत होते. आठवडाभर मावशीकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं. मुलीनं रेल्वेनं एकटीनं जायचं नाही, असं बाबांनी ठरवलेलं. त्यामुळे सोमवारी पहाटे गाडी मला सोडायला निघायची. अकोल्याच्या कोर्टात तारीख असली की बाबाही बरोबर असत. गाडी जुनी, विलायती, लांबलचक. पेट्रोल परवडेना म्हणून तिला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं.

डिझेल जास्त जातं असं बाबांना वाटू लागलं. गाडी जुनी होती, इंजिन दुसऱ्याच कशाचं तरी होतं, पण बाबांच्या मनात एकच कारण आलं. त्यांनी अमरावतीच्या एका कारागिराकडून टाकीला कुलपाचं झाकण करून घेतलं. आत चामड्याची चकती, वर पितळी कुलूप. "वकीलसाहेब, हवा नाई जाणार आतमंदी," असं तो कारागीर कौतुकानं म्हणाला होता, आणि बाबांनी ते आल्यागेल्याला ऐकवलं होतं. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली; दुसरी बडनेऱ्याच्या पंपवाल्याकडे असे, डिझेल तिथेच भरायचं. टाकीत किती डिझेल आहे ते बघायला खुणा केलेली एक बांबूची कामटी होती. बाबा कोटाची बटणं सोडून किल्ली बाहेर ओढत, वाकून कुलूप काढत आणि कामटी आत बुडवत. ड्रायव्हर तेवढा वेळ हात मागे बांधून बाजूला उभे राहत. पन्नाशीच्या माणसाला रोज असं उभं राहायला लागावं, याची मला फार चीड यायची. मी काही बोलत मात्र नव्हते. मी घरात बोलतच नसे.

गाडीचा दम तुटायला लागला तो त्यानंतर आठ दिवसांनी.

अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक मिस्त्री होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी जाळी साफ केली, नोझल काढून पाहिले, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि हात पुसत म्हणाले, "अपने पास तो मक्खन चल रही है. तुमच्या हाती काहून रुसते हो ही?"

ड्रायव्हर ओशाळं हसले.

हे बाबांच्या कानावर गेलं. रविवारी आमच्या ओसरीवर बाबांचे तीन-चार वकीलमित्र चहाला जमत. त्या सगळ्यांसमोर बाबांनी ड्रायव्हरना बोलावलं.

"टाकी भरली की गाडी बंद पडते. अर्धी असली की चालते. काहून रे?"

"मले नाई समजत, साहेब."

"मले समजते. भरताना तू रॉकेल मिसळून राहिला. कुलूप लावलं तर तू दुसरी वाट काढली."

एक मित्र म्हणाले, "वाट काढण्यात आपल्या वरताण आहे हा, वकीलसाहेब!" सगळे हसले.

"लेकराची आण घेतो साहेब, म्या थेंबाले हात नाई लावला."

"महिनाअखेरपर्यंत गाडी नीट चालली पाहिजे. नाही तर तू तुझी वाट धर. आणि चोराला चिठ्ठी मी देणार नाही."

जुन्या मालकाच्या चिठ्ठीशिवाय त्यांना दुसरीकडे कोणी गाडीवर बसवलं नसतं. मी आतून चहाचा ट्रे घेऊन आले होते. तो ठेवला आणि परत आत गेले.

मी एवढंच केलं, की पाहायला लागले. गाडी कुठे थांबली, टाकी किती भरलेली होती, बाबा बरोबर होते की नव्हते, हे वहीत लिहू लागले. बाबांचं एक खरं होतं. बडनेऱ्याला टाकी गच्च भरली की मूर्तिजापूरच्या अलीकडेच गाडी थांबायची. मग एका सोमवारी बाबा बरोबर असताना ती तशीच थांबली. ते तणतणत उतरले, किल्ली काढली, कुलूप उघडलं. मी त्याच बाजूच्या खिडकीशी बसले होते. झाकण सैल होताच टाकीनं मोठा श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. फुस्स! बाबांनी कामटी बुडवली, वास घेतला, झाकण लावलं. ड्रायव्हरनी पंप मारला आणि गाडी लगेच सुरू झाली. वीस मिनिटं थांबावंच लागलं नाही.

"माझ्यासमोर बरी चालते," बाबा म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे आईचा तेलाचा डबा आला. त्याला आई नेहमी दोन भोकं पाडते. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. दुसरं भोक नसेल तर धार तुटते. आमच्या टाकीला ते दुसरं भोकच नव्हतं. भरल्या टाकीत हवा थोडी, म्हणून आत लवकर पोकळी व्हायची आणि डिझेल पुढे येईना; वीस मिनिटांत चकतीतून थोडी हवा झिरपली की गाडी निघायची. चोरी पकडायला केलेल्या झाकणानंच गाडीचा गळा धरला होता.

पुढच्या सोमवारी बाबा नव्हते. गाडी थांबली तशी मी ड्रायव्हरना हे सांगितलं. ते मागे जाऊन वाकून झाकण पाहून आले.

"बरोबर दिसते ताई."

"मग पकडीनं थोडं सैल करून बघू या?"

"नाई जी. या झाकणाले माह्या हाताचा ओरखडा जरी दिसला, तर चोर नसून चोर ठरीन म्या."

शनिवारी जेवताना मी बाबांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ताटावर बसून मी चार वाक्यं सलग बोलले असेन. बाबा हसले. "इंग्रजी शाळेत मोटारी पण शिकवतात वाटतं?" मी किल्ली मागितली. "जानव्याची किल्ली बायकांच्या हातात देत नसतात," म्हणाले, आणि आईकडे ताक मागितलं.

सोमवारी त्यांची तारीख होती. अकोल्यात पोचल्यावर मी शाळेत न जाता उस्तादांच्या दारात गाडी थांबवायला सांगितली. परक्या पुरुषांशी मी बोलत नसे, पण तिथे बोलले. उस्तादांनी झाकण काढायला लावलं, उलटं केलं, आणि कपाळाला हात लावला. "अरे वकीलसाब, बेटी सही बोलती है! इसको सांस लेनेका छेदही नहीं!"

बाबांनी झाकण हातात घेतलं, निरखलं आणि म्हणाले, "असं होय! मग आधी का नाही सांगितलं?"

मी सांगितलं होतं. पण ते उस्तादांच्या तोंडून आल्यावरच खरं झालं.

बारीक भोक पाडलं. शाळा बुडालीच होती, म्हणून मीही त्याच गाडीनं परत निघाले. गाडी अमरावतीपर्यंत एकदाही थांबली नाही. फाटकात उतरल्यावर ड्रायव्हर म्हणाले, "साहेब, चार जणांत मले चोर म्हटलं. आता चार जणांत नाई म्हणा."

"झालं ना आता? नोकरी राहिली तुझी. अजून काय पायजे?"

"तेच पायजे."

बाबा पायऱ्या चढून आत गेले. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर आले नाहीत. चिठ्ठी न्यायलाही आले नाहीत.

रविवारी ओसरीवर बाबा रंगात आले होते. टाकीचा आवाज काढून दाखवत होते. "मी म्हटलं, काढा झाकण, बघू या!" मित्र वाहवा करत होते. कोणीतरी विचारलं, "आणि तो तुमचा रॉकेलवाला?"

"गेला. जाणाराला कोण अडवणार?"

मी ट्रे ठेवला. या वेळी आत गेले नाही.

"रॉकेल नव्हतं त्यात," मी म्हणाले. "काका, ते चोर नव्हते. त्या दिवशी तुमच्यासमोर म्हटलं गेलं, म्हणून तुमच्यासमोरच सांगते. चूक आमच्या झाकणाची होती."

कोणी हसलं नाही. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते ड्रायव्हर तिथे नव्हते; ते जवळच्या वलगावचे एवढंच माहीत होतं, आणि तिथे त्यांचं घर नेमकं कुठे, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.