बोबडेची जीप आणि वहिनींची अट

काही लोकांकडे लग्नाचे अल्बम जमतात, आमच्याकडे किस्से जमले. मी एकही जमवायला गेलो नव्हतो, हो! पण रायपूरच्या पावसाळ्यात लोखंड नुसतं उभं ठेवलं तरी गंजतं, तसं बोबडेच्या जीपजवळ नुसतं उभं राहिलं तरी काहीतरी घडतंच. आता तर नवा किस्सा सांगायला घेतला की मागचा म्हणतो, आधी मी!

बोबडे म्हणजे रायपूरच्या गुढियारी भागातला माझा जुना मित्र. रेल्वेतून रिटायर झाला आणि चारही चाकांना जोर देणारी, ताडपत्रीच्या छताची एक जुनी जीप घेऊन आला. दर रविवारी सकाळी तिची दुरुस्ती असते. बोबडे पाने फिरवतो. विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला टेकाडे सल्ले देतो. मी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून सुरुवातीला मला तांत्रिक सल्लागार नेमलं होतं. पहिल्याच रविवारी खरं काय ते सगळ्यांना कळलं आणि माझ्या हातात टॉर्च आली. ती आजतागायत आहे.

चौथे मेंबर साहू भैया. यांचं भनपुरीत गॅरेज आहे, आणि आम्हा चौघांत मेकॅनिक म्हणावे असे तेवढे एकच.

*

सगळ्याचं मूळ वहिनींच्या, म्हणजे बोबडेच्या बायकोच्या, अटीत आहे, म्हणून आधी ते.

मागच्या पावसाळ्यात वहिनींच्या भाचीचा साखरपुडा होता. बोबडेने हट्टाने जीप काढली. जाताना सगळं छान. परतताना भनपुरीत, ट्रकांच्या रांगेत, भर पावसात जीप बंद! आणि साहू भैया नेमके बाहेरगावी. वहिनी नव्या सिल्कच्या साडीत दोन तास आत बसून होत्या. छत गळत होतं, ते नेमकं त्यांच्याच बाजूला. शेवटी शेजारच्या ट्रकवाल्याला दया आली आणि त्याने खिडकीतून छत्री दिली. ती वहिनींनी जीपच्या आत उघडून धरली!

घरी आल्यावर वहिनी एवढंच बोलल्या, "पुढच्या पावसात तुमचं ते एकदा जरी रस्त्यात बंद पडलं, तं दिवाळीच्या आत विकून टाकाचं. मंजूर?"

बोबडे म्हणाला, "मंजूर." वहिनींपुढे दुसरा शब्द आजवर कोणी उच्चारलेला नाही.

आम्ही खूप हसलो. पण पुढच्या रविवारी गेलो तर बोबडे बोनेटवर हात ठेवून एकटाच उभा होता. मला म्हणाला, "तीस वर्षं रुळावरच्या गाड्या पाह्यल्या बे. त्या आपल्या मनानं कुठी वळत नाहीत. ही एकच आहे, मी वळवली तं वळते."

माझं हसू तिथेच गेलं. त्या दिवशी ठरलं, की काहीही होवो, पुढच्या पावसाळ्यात जीप बंद पडू द्यायची नाही.

*

उन्हाळ्यातच तयारीला लागलो. रेडिएटर धुतला, पाण्याचे पाइप बदलले, बॅटरीचं पाणी पाहिलं. राहता राहिलं इंजिन ऑइल. ते बोबडेने सकाळी सातला भरलं.

आठला टेकाडे आला. जीप उतारावर उभी होती, त्यामुळे ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल कमी दिसलं. विजेच्या खात्यातला माणूस, विचारायची सवय नाही. त्याने आणखी ओतलं. तिसऱ्यांदा कोणी ओतलं ते मात्र विचारू नका. टॉर्चवाल्यालाही कधीतरी वाटतं, आपल्या हातून काही व्हावं!

बोबडेने जीप चालू केली आणि पूर्ण पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, धुरात गेला. समोरचं घर दिसेना. लोकांनी पटापट खिडक्या लावल्या, ताटांवर झाकणं ठेवली.

साहू भैयांनी येऊन जास्तीचं ऑइल काढलं. जाताना हात जोडून म्हणाले, "गाड़ी बने हे भैया. बस तुमन झन छूवव!" म्हणजे गाडी उत्तम आहे, फक्त तुम्ही लोक तिला हात लावू नका.

पुढच्या रविवारी समोरच्या दीदी फाटकाशी आल्या. म्हणाल्या, "भैया, इस हफ़्ते वो मच्छर मारने वाली गाड़ी नहीं आई? पिछली बार बड़ा आराम मिला!"

*

हा किस्सा माझा स्वतःचा आहे, आणि तो मी सांगितला नाही तर टेकाडे मीठमसाला लावून सांगेल.

मे महिना, अकरा वाजलेले. खालच्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून बोबडे जीपखाली रंग मारत होता आणि मी शेजारी उताणा पडून टॉर्च धरली होती. रायपुरात मे महिन्यात जीपखाली सावली असते, हे ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. मला झोप लागली.

बोबडे रंग संपला म्हणून दुकानात गेला. टेकाडे त्याच्यासोबत गेला. दोघांनाही वाटलं, मी घरात पाणी प्यायला गेलो.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंना जीपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. न हलणारे! त्यांनी किंकाळी फोडली. दहा मिनिटांत तीसेक माणसं जमली. कोणी म्हणालं, जॅक घसरला असेल. कोणी म्हणालं, मास्तर होते, चांगले होते. शेवटी एकाने धीर करून माझा पाय ओढला, तर मी म्हणालो, "इकडे धरू का?"

"अरे, ज़िंदा है!" असा जो जल्लोष झाला, तसा माझ्या रिटायरमेंटलाही झाला नव्हता. वहिनींच्या डोळ्यांत मात्र खरंच पाणी होतं. ते पुसून म्हणाल्या, "भाऊजी, झोपाचंच होतं तं घरात कूलर आहे ना!"

*

पाऊस सुरू झाला. जीप व्यवस्थित चालत होती, पण वळण घेतलं की डावीकडून खळ्ळकन आवाज यायचा. टेकाडे म्हणाला, डिझेलची टाकी. मी काहीच म्हणालो नाही, मी तेवढ्यापुरता शहाणा आहे.

साहू भैयांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं. "ये छेद किसने बंद किए?"

बोबडे अभिमानाने म्हणाला, "मैंने! पानी अंदर आता था ना."

ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पाणी काचेच्या फटीतून दारात उतरत होतं आणि बोबडेने ते तिथेच मुक्कामाला ठेवलं होतं. साहू भैयांनी स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि दारातून जी धार लागली, ती आम्ही चहा संपेपर्यंत पाहत होतो.

टेकाडे म्हणाला, "एक नळच लावून घे बे. नळाले पाणी येत नाही त्या दिवशी आंघोळीची सोय होते!"

*

पावसात उंदरांनाही ऊब लागते आणि ती बोनेटखाली मिळते. वायरी कुरतडू नयेत म्हणून बोबडेने तंबाखूच्या पुरचुंड्या बांधल्या, टेकाडेने डांबरगोळ्या ठेवल्या. वास असा, की जीपमध्ये बसलेला माणूस उतरल्यावरही ओळखू यायचा.

एका सकाळी पाहिलं, तर उंदराने वायरींना तोंडही लावलं नव्हतं. त्याने जीपचं माहितीपुस्तक खाल्लं होतं! बोबडे खुशीत होता. पुस्तक गेलं तर गेलं, आम्ही ते कुठे उघडलं होतं?

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजेना. बाकी सगळ्या वायरी शाबूत, हॉर्नची तेवढी मधोमध कापलेली. जोडणीच्या फाट्यात लपलेली वायर ती, साहू भैयांनाही शोधायला अर्धा तास लागला.

टेकाडे म्हणाला, "पाह्यलं? त्यानं आधी पुस्तक वाचलं, मंग कामाले लागला. आपल्यात कोनी वाचलं काय?"

*

मग आली हरेली. छत्तीसगढात त्या अमावस्येला शेतकरी नांगर, कुदळ सगळं धुऊन पुजतात आणि त्या दिवशी अवजाराला काम लावत नाहीत. आम्ही इतकी वर्षं इथे राहून हे विसरलो, आणि आदल्या दिवशी ब्रेक साफ करायला जीपचं पुढचं चाक काढून ठेवलं.

ब्रेक काही परत बसेना. आणि सकाळी वहिनी तयार! मावशीकडे जायचं होतं.

बोबडे आणि मी ऑटोने साहू भैयांकडे धावलो. गॅरेजमध्ये सगळे पाने, हातोडे, जॅक धुऊन रांगेत मांडलेले, त्यांवर हळद-कुंकू, समोर तांदळाच्या चील्याचा, म्हणजे धिरड्याचा, नैवेद्य. साहू भैया नव्या धोतरात.

"आज औजार मन के छुट्टी हे भैया."

बोबडेने विनवलं. मग खिशातून स्वतःचा पाना काढून पुढे केला, की याने तरी करा. साहू भैयांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आम्हाला वाटलं, पाघळले! त्यांनी पाना धुतला, पुसला, कुंकू लावलं आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. आमच्या हातात एकेक चीला दिला.

परत आलो तर वहिनी पर्स घेऊन ओट्यावर. "निघून राहिलो ना?"

बोबडेने तीन चाकांवरच्या जीपकडे पाहिलं आणि म्हणाला, "आज तिचा उपास आहे."

वहिनी ऑटोने गेल्या. आमचा मात्र जीव भांड्यात पडला. घरी बसलेली जीप रस्त्यात कशी बंद पडणार?

*

आणि आता भाद्रपदातला.

वहिनींच्या आई ऐंशीच्या पुढच्या, आरंगच्या पलीकडे एका गावात एकट्या राहतात. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून तिथलंच. रायपूरला चला म्हटलं, की "मले शहरात करमत नाही," एवढंच उत्तर. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि दोन दिवसांपासून त्यांचा फोन लागत नव्हता. गावात आणखी कोणाचाही लागेना. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तसं वहिनींनी बोबडेला म्हटलं, "गाडी काढा."

टेकाडे आणि मीही बसलो. दिवसाढवळ्या मी टॉर्च का घेतली, ते मलाही माहीत नाही.

गावाच्या अलीकडे नाल्यावर एक रपटा आहे. बसका पूल, कठडे नसलेला, आणि त्यावरून पाणी चाललेलं. अलीकडे दोन छोट्या गाड्या परत फिरत होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, पाणी उतरतंय, तासभर थांबा. आम्ही थांबलो. तो एक तास माझ्या आठवणीत अजून संपलेला नाही. वहिनी पाण्याकाठच्या एका दगडाकडे टक लावून बसल्या होत्या. तो दगड पूर्ण उघडा पडला, तेव्हा म्हातारा काठी टेकत पलीकडे जाऊन आला. पाणी त्याच्या घोट्याच्या वर जेमतेम.

बोबडेने वहिनींकडे पाहिलं. मध्येच बंद पडली तर जीप गेली, हे दोघांनाही माहीत होतं. त्या क्षणी त्यातलं काही दोघांच्याही मनात नव्हतं.

"चला," वहिनी म्हणाल्या.

साहू भैयांनी फोनवर बजावलं होतं, पहिला गिअर, पाय उचलायचा नाही, मध्ये काही बदलायचं नाही. बोबडे दात आवळून बसला. चाकाशी पाणी कापल्याचा आवाज येत होता. टेकाडेने आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. आणि पुढची चाकं कोरड्या रस्त्यावर चढली!

आई ओसरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"काहून वं, एवढे लोकं काहून आले?" त्या घाबरल्या. "कोनी गेलं काय?"

"फोन काहून नाही उचलत, आई?" वहिनींचा आवाज चिरकला.

"तो डब्यात आहे."

"कोनत्या डब्यात?"

"तांदळाच्या. भिजला होता. शेजारीन म्हणे, तांदळात ठेवला तं सुकते."

"अन् काढला काहून नाही?"

"तांदूळ संपू दे ना, मंग काढू!"

वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसता आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. आम्ही तिघं पुरुष अंगणातलं पेरूचं झाड फार लक्षपूर्वक पाहू लागलो. टेकाडे नाक पुसत म्हणाला, पेरू चांगले लागलेत. एकही पेरू नव्हता.

या वेळी वहिनींनी आईंचं ऐकलं नाही. एक गाठोडं, एक पिशवी आणि तांदळाचा डबा फोनसकट जीपमध्ये ठेवला. येताना रपट्यावरून पाणी पूर्ण उतरलं होतं. आई पुढे वहिनींच्या जवळ, रस्ताभर गप्पा. मंदिर हसौद गाव गेलं, रायपूर आलं, चारच्या सुमारास गुढियारी आली. बोबडे शीळ वाजवत होता.

घराच्या फाटकात जीप वळली. पुढची चाकं आत गेली. मागची चाकं रस्त्यावरच होती, तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

बोबडेने चावी फिरवली. कर्रर्र. पुन्हा फिरवली. काही नाही. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत राहिला. मी टेकाडेकडे पाहिलं, टेकाडेने खाली पाहिलं.

वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं. अर्धी जीप रस्त्यावर होती, मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत उभा होता. मग त्यांनी समोर पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काहून वं," आईंनी विचारलं, "गाडी काहून थांबली?"

"घर आलं, आई," वहिनी म्हणाल्या. "उतर."