मास्तरांनी न सांगितलेलं वाक्य

भाषांतर करताना शब्द अडला की मास्तर दोन बोटं ओठांवर ठेवायचे आणि म्हणायचे, “थांबा. अजून मराठीत उतरला न्हाई.” कीबोर्डवरचे माझे हात तिथंच थांबायचे. कधी मिनिटभर, कधी चहा गार होईपर्यंत.

लातुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. मास्तर शाळेतून इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या चर्चचे दुभाषी. दर हिवाळ्यात अमेरिकेतून पाहुणे येत, मैदानात मांडव पडे. पाहुणा इंग्रजीत एक वाक्य बोले, मास्तर ते मराठीत सांगत. सभेच्या पुस्तिका टाइप करायला ते माझ्याकडं यायचे. मी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. पण त्या पुस्तिकांमुळं बायबलातले निम्मे संदेष्टे मला पाठ झाले. मास्तर हसायचे, “तुमचा बाप्तिस्मा कीबोर्डावरच झालाय बघा.”

‘करार’ या शब्दाचा त्यांना फार त्रास. देवानं माणसाला दिलेल्या वचनाला मराठी बायबलात करारच म्हणतात. “म्हाताऱ्या बायांला करार म्हणलं की भाड्याची खोली आठवते. अन् दोन सरकारांनी तोफा घेतल्या-दिल्या तरी तो करारच. देव अन् तोफ एकाच शब्दात. कसं करावं, सांगा!” तेव्हा मी मनापासून हसलो होतो.

मास्तरांची एक बहीण गाझात होती. सख्खी नव्हे, मानलेली. तरुणपणी बंगळूरला दुभाष्यांच्या शिबिरात भेटलेली अरब ख्रिश्चन शिक्षिका. तीही आपल्या चर्चसाठी भाषांतर करायची. आधी पत्रं, मग फोन. नाताळचं कार्ड कधी चुकलं नाही.

“तिकडंबी ख्रिश्चन हायेत?” मी एकदा विचारलं.

“हायेत का म्हणजे? पहिले तिथलेच. आपण लई उशिरा आलो.”

युद्ध सुरू झालं आणि ती नातेवाइकांसह चर्चच्या आवारात राहायला गेली. मास्तर रोज सकाळी दुकानात येऊन फोन दाखवायचे. चर्चच्या पायरीवर बसलेली पांढऱ्या केसांची बाई, मांडीवर कुणाचं तरी लेकरू. मग फोटो बंद झाले. मग नुसता एखादा शब्द यायचा: आहोत.

त्याच हिवाळ्यात पाहुणा आला. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. चर्चच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पंगतीत मांडी घालून जेवला, कडक भाकरी मोडताना खळखळून हसला. सभेच्या आदल्या दिवशी मी पुस्तिका द्यायला गेलो, तेव्हा मास्तर त्याच्यापुढं फोन धरून उभे होते.

पाहुणा अभिमानानं सांगत होता, की त्याच्या चर्चमधले लोक मत देण्याआधी उमेदवाराला हेच विचारतात: इस्रायलच्या बाजूनं उभा राहशील ना? सरकारला ऐकावंच लागतं. मास्तरांनी बहिणीचा फोटो दाखवला. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचे हात धरून त्यानं तिच्यासाठी प्रार्थना केली. मग मास्तरांनी विचारलं, “तुमचं सरकार ऐकतं, तर लढाई थांबवायला सांगाल का?” त्यानं नकारार्थी मान हलवली. हे सगळं शास्त्रात लिहिलेलं आहे, म्हणाला. आपण आड येणारे कोण?

बाहेर आल्यावर मास्तरांनी मला ते सगळं बोलणं मराठीत सांगितलं, मग म्हणाले, “रडला खरा. पण न्हाई म्हणला.”

दुसऱ्या दिवशी सभेत मी मागं उभा होतो. पाहुणा बोलत होता, मास्तर सांगत होते. इस्रायलला आशीर्वाद देणाऱ्याला देव आशीर्वाद देतो, इथपर्यंत त्यांनी सांगितलं. पुढचं वाक्य होतं, की आमच्या देशानं त्यांच्या सैन्याला जे जे पाठवलं, त्याबद्दल आपण सगळे मिळून देवाचे आभार मानू.

मास्तरांनी दोन बोटं ओठांवर ठेवली. पाहुण्यानं वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, जणू त्यांना कळलंच नसावं. मास्तरांनी माइक तोंडाशी नेला. “पुढचं मला सांगता येत न्हाई. ते जे पाठवायलेत, ते जिथं पडतंय तिथं माझी बहीण हाय.” माइक टेबलावर ठेवून ते खाली उतरले.

चर्चच्या समितीच्या अध्यक्षांनी पहिल्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेला खूण केली. मास्तरांचीच विद्यार्थिनी, त्यांनीच भाषांतर शिकवलेली. ती वर गेली आणि तेच वाक्य तिनं स्वच्छ मराठीत सांगितलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. मास्तर तेव्हा मांडवाच्या कडेला चपला शोधत होते.

अध्यक्ष नंतर त्यांच्या घरी गेले. “मास्तर, आपलं वसतिगृह त्यांच्या आधारावर चालतं. पोरांचं काय करू?” पुढच्या सभेची पत्रिका मीच टाइप केली. दुभाषी म्हणून त्या मुलीचं नाव घातलं आणि मास्तर दुकानात आले तेव्हा स्क्रीन बंद केली. त्यांनी ते पाहिलं.

मग त्यांनी पत्रं लिहायला घेतली. अमेरिकेतल्या चर्चला, तिथल्या लोकप्रतिनिधींना. मी टाइप करायचो, ते खोडायचे. एक उत्तर आलं. छापील. तुमच्या प्रार्थनांबद्दल आभारी आहोत. तिकडं सरकार बदललं, तेव्हा मास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली. मग म्हणाले, “माणूस बदलला. त्याला विचारणारे तेच हायेत.” त्यानंतर पत्र झालं नाही.

पावसाळ्यात बहिणीच्या भाचीचा निरोप आला. बहीण गेली होती. बॉम्बनं नाही, बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या आणि नव्या आणणार कुठून? मास्तरांनी निरोप मला वाचायला दिला. इंग्रजीत होता. मला अर्धाच कळला, पण त्यांनी मराठीत सांगितला नाही.

मास्तरांची मुलगी त्यांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेली. मी भेटायला गेलो, तर टीव्हीसमोर बसलेले. पडद्यावर अमेरिकेचे कुणी मोठे नेते डोळे मिटून बसले होते आणि चारी बाजूंनी धर्मगुरूंनी त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले होते.

“काय म्हणायलेत ते?” मास्तरांनी मला विचारलं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस मला विचारत होता.

“प्रार्थना करायलेत, मास्तर.”

“कुणासाठी?”

मी त्यांच्या मुलीला पाणी मागितलं.

पंधरा दिवसांनी ते गेले. नांदेडला मातीसाठी लातूरहून आम्ही चौघंच गेलो होतो. कबरीवर सगळ्यांनी माती टाकल्यावर ती शिक्षिका माझ्याजवळ आली.

“काका, सर माझ्याबद्दल काही बोलले का कधी?”

“न्हाई बाई.”

“शिव्या तरी द्यायच्या.” ती बराच वेळ हातावरची माती झटकत राहिली. “पुढच्या आठवड्यात पाहुणे यायलेत. भाषांतराला मलाच उभं राहायचंय.”

“मग?”

लातूरची गाडी चुकेल म्हणून तिनं रिक्षाला हात केला.