कुकर लावायचा नाही

मेधाताई गेल्याचं कळलं तेव्हा त्यांचे दोन डबे माझ्या फ्रीजरमध्ये होते. फोनवर त्यांचे यजमान बोलत होते आणि मला मात्र डब्यांवरचे आकडे दिसत होते, ४१७ आणि ६३८... ताईंच्या अक्षरातले. कोविडने आठवड्याभरात त्यांना नेलं.

इथे परदेशात, झूटरमेरला, त्या आमच्या समोर राहायच्या. संशोधनाचा विषय गुरांचा खुराक. कत्तलीआधी काही दिवस खाद्यात व्हिटॅमिन डी वाढवलं तर मांस मऊ होतं का? स्वतः जन्मात अंडंही न खाल्लेल्या! "मशीन मांस कापायला लागणारा जोर मोजतं रे, पण चावायला माणूसच लागतो," म्हणायच्या. व्हिटॅमिनने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग स्नायू सैल करणारी रसायनं कामाला लागतात, हे त्या अशा रंगून सांगत की मीही कुरणातल्या गाईंकडे निराळ्या नजरेने बघू लागलो.

लॉकडाऊनमध्ये चव घेणारी मंडळी लॅबमध्ये येईनात, तेव्हा ताई सायकलवरून घरोघरी कच्च्या मांसाचे डबे पोचवू लागल्या. डब्यावर नुसता आकडा; व्हिटॅमिनवाला कुठला, ते सांगायचं नाही हा नियम. इथे आल्यावर मी सगळं खायला लागलो होतो, आईला न सांगता. म्हणून माझ्याकडेही दोन डबे आले. मी काय करावं? दोन भांड्यांत कांदा-लसूण मसाला घालून कुकर लावला, सहा शिट्ट्या. फॉर्मवर लिहिलं, दोन्ही सारखेच लुसलुशीत.

दुसऱ्या दिवशी ताई दाराबाहेर दीड मीटरवर उभ्या. "शिजवलंस कसं?" मी खरं ते सांगितलं. मास्कमागे त्या खांदे हलेपर्यंत हसल्या. "अरे, सहा शिट्ट्यांत चप्पलसुद्धा मऊ होईल! तुझा डेटा बाद. पुन्हा आणते. तवा आणि मीठ, बस्स. मला खरं उत्तर हवंय."

त्यांनी नवे दोन डबे आणून दिले. मी मात्र 'शनिवारी करतो' म्हणत तीन शनिवार घालवले. तापात असतानाही त्यांचा मेसेज आला, "चावलंस का?" मी नुसता अंगठा पाठवला. खोटा. त्याची अजून लाज वाटते.

परवा तवा तापवला. फक्त मीठ. मोजून चावलं. ४१७ एकवीस वेळा, ६३८ तेहतीस वेळा. स्वयंपाकघरात एकटाच ओरडलो, "ताई, फरक आहे!" फॉर्म भरला, तो आता त्यांच्या लॅबला जाईल. शेवटचा रकाना होता, आणखी काही लिहायचंय का? मी लिहिलं, "ताई, उशीर झाला. व्हिटॅमिनवालं ४१७च ना?"