सासूबाईंच्या आवाजासाठी स्थळ

रविवार, सकाळी अकरा. डोंबिवली, थोरल्या दिरांचं घर. हजर: भाऊजी, जाऊबाई, लग्न पंधरा दिवसांवर आलेली पुतणी आणि मी. शिवाय पाकिटातली भाऊजींच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. तिच्यातून आता काही निघणार नाही, असं सांगून ठाण्याच्या दुरुस्तीवाल्याने ती आदल्या दिवशी परत केली होती.

भाऊजींइतका सावध माणूस मी पाहिलेला नाही, आणि एवढं नुकसान कुठल्या बेफिकीर माणसाचंही झालेलं पाहिलेलं नाही. दुधी घ्यायला ते चार गाड्या फिरतात आणि पाचवीपर्यंत पोचताना जेवणाची वेळ टळते. हॉलच्या भिंतीवर रंगाच्या नऊ छटांचे पट्टे ओढून ठेवलेत. ते बघत पुतणी मोठी झाली. सासूबाई कळव्याच्या धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. त्या थकल्या तेव्हा भाऊजींनी रोज समोर बसून त्यांचे एकवीस धवले, म्हणजे ही विधीची गाणी, त्यांच्याच आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केले. त्या गेल्यावर हा आवाज जपायला भरवशाचं बॅकअप सॉफ्टवेअर शोधायला लागले. चार वर्षं, मुलीला स्थळ बघावं तसं. कंपनी कुठली, किती जुनी, उद्या बुडाली तर काय, सगळं तक्ता आखून वहीत. प्रत्येक सॉफ्टवेअर महिनाभर फुकट वापरायचे. त्यात विजेची बिलं ठेवायची, कॉम्प्युटरवरची मुद्दाम पुसायची आणि परत येतात का बघायचं. बिलं दर वेळी परत आली. "बिलांचं ठीक आहे गं," ते मला म्हणायचे, "पण आईला अशी कुणाच्याही हाती कशी देऊ?"

तोवर पेन ड्राइव्हवर साधी कॉपी तरी द्या, असं मी सुचवलं, तर कुठली पेन ड्राइव्ह लवकर मरते यावर पाऊण तास ऐकावं लागलं. मी यादीत लिहिलं: धवले, पेन ड्राइव्ह. माझ्या यादीतलं काही राहत नाही असं घरात म्हणतात. ही ओळ मी दर जानेवारीला नव्या डायरीत उतरवत आले.

पुतणीला हळदीला आजीचाच आवाज हवा होता. ती रडली नाही. तिने तक्त्याची वही उघडली आणि सावकाश पानं उलटली.

"पप्पा, यातलं कुठलंही चाललं असतं ना?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "कुठलंही," ते म्हणाले.

"बिलं आहेत ना सगळी?" जाऊबाई म्हणाल्या. "ती लावा मांडवात."

शेवटी मीच आठवण करून दिली. सासूबाईंच्या जोडीला गाणारी मावशी शहाडला आहे. ऐकू कमी येतं, पण गाते. लगेच निघायचं ठरलं, मी चपलाही घातल्या. भाऊजी म्हणाले, "थांब. रेकॉर्डिंग कशावर करायचं ते आधी नीट बघू या."

मी एकटी गेले असते. पण मावशी अडली तर पुढची ओळ देणारा घरात हा एकच माणूस. त्या दिवशी मी चपला काढत होते तेव्हा पाकिटावर हात ठेवून ते हळदीचा धवला पुटपुटत होते, सगळा, एकही शब्द न चुकता.

आज गुरुवार. तीन रेकॉर्डर तक्त्यात आलेत. शहाडला जायचं राहिलंय.