रॅम मोजून व्हायच्या आत

आमच्या दुकानात एक पत्र्याचा डबा होता. उघडलेल्या मशीनचे उरलेले स्क्रू त्यात पडायचे. कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा ते कुणाला सांगता यायचं नाही, पण टाकून देववायचं नाही. किस्स्यांचंही तसंच झालं आहे. नगरला माळीवाड्याजवळ दिलीपभाऊंच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात मी लागलो, तेव्हापासून ते साठत गेले.

मी पारनेरकडचा. शाळा नववीतच सुटली. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की माझा आवाज बसायचा. हातात पाना-स्क्रूड्रायव्हर मात्र बरा चालायचा. महिनाभर माझं काम बघून भाऊ म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण दुकानात तोंडही उघडावं लागतं. दिवाळीपर्यंत बघू." नाही जमलं तर चुलत्यांच्या रसवंतीवर चरक फिरवायला जायचं, हे घरी ठरलेलंच होतं. मला मशीनचं काम सोडायचं नव्हतं.

*

त्या काळी, नव्वदच्या दशकात, मशीनमध्ये नवीन हार्ड डिस्क बसवली तरी मशीन तिला आपोआप ओळखायचंच असं नाही. चालू करताना पडद्यावर काही सेकंद रॅम मोजली जायची. ती मोजून व्हायच्या आत डिलीटचं बटण दाबायचं. मग निळा पडदा यायचा, त्याला सेटअप म्हणायचे. तिथं नव्या डिस्कची नोंद करायची.

गिऱ्हाइकाला हे पटायचं नाही. डिस्क बसवली, मग अजून काय राहिलं?

भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. "घरात नवी सून आली, तरी रेशनकार्डावर नाव घालावं लागतं का नाही?"

एकदा सोसायटीचे एक चेअरमन समोर बसले होते. त्यांनी मान हलवली. "घालावं लागतं. पन त्याला आमाला दोन वर्सं लागली. तुमी किती लावनार?"

*

मशीनमधला छोटा सेल उतरला की सेटअपमधलं सगळं पुसलं जायचं आणि तारीख थेट ऐंशी सालात जायची. एका दूध डेअरीत असंच झालं. भाऊंकडचे जुने मेकॅनिक शकीलभाई आणि मी सेल बदलायला गेलो, तर तिथं पावती घेऊन एक शेतकरी भांडत होता. लिटर बरोबर, फॅट बरोबर, साल मात्र ऐंशी.

डेअरीचा क्लार्क त्याला समजावत होता, "अहो काका, फक्त तारीख चुकलीय. दूध तुमचंच आहे."

"माझं कसं असंल? ऐंशी साली आमच्याकडं म्हैसच नव्हती."

शकीलभाईंनी सेल बदलला, डिलीट दाबून तारीख घातली आणि काकांना नवी पावती काढून दिली. काकांनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "आता हाय म्हैस."

परतताना शकीलभाई पोट धरून हसत होते. मला म्हणाले, "अरे, हसायला तरी तोंड उघड."

*

एका वकीलसाहेबांनी सेटअपला पासवर्ड घातला आणि तो स्वतःच विसरले. बायकोचं नाव झालं, मुलांची झाली, गावाचं झालं. शेवटी शकीलभाईंनी खोका उघडला, सेल काढला, थोडा वेळ थांबून परत बसवला. पासवर्ड गेला.

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे सेल काढला की कुणीही आत जाऊ शकतं? मग हे कुलूप कशाला?"

शकीलभाई म्हणाले, "साहेब, आम्ही कुणाला सांगत नाही. तुम्हीही सांगू नका."

*

दसरा झाला आणि एका प्रिंटिंग प्रेसचं मशीन आलं. चालू केलं की ते कुणी काही न दाबता सेटअपमध्ये जायचं. बंद करा, चालू करा, परत निळा पडदा. प्रेसच्या मालकांना वाटत होतं, कुणीतरी काहीतरी केलंय.

मी कीबोर्ड उघडला. खंडेनवमीला त्याची पूजा झाली होती. डिलीटच्या बटणाखाली अक्षतेचा एक दाणा जाऊन बसला होता. त्यामुळं बटण दाबलेलंच राहत होतं.

"काय झालं होतं?" मालकांनी विचारलं.

मी दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

ते गेल्यावर भाऊ म्हणाले, "हे तोंडानं सांगता आलं असतं." आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. दिवाळी पुढच्याच पानावर होती.

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. जामखेडच्या एका टायपिंग क्लासची डिस्क खराब झाली होती. भाऊंनी नवीन डिस्कमध्ये सगळं भरलं, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवली. क्लासच्या मॅडमनी ती स्वतःच बसवली.

दुपारी फोन वाजला. शकीलभाई भंडारदऱ्याला कामाला गेले होते, भाऊ मॉनिटर आणायला बाहेर. फोन वाजून बंद झाला. परत वाजला. मी उचलला. जामखेडच्या मॅडम होत्या.

"मशीन डिस्क दाखवत नाही. मुली खेड्यांवरून आल्यात, त्यांना आजच्या सरावानंतर थेट परीक्षा. काय करू?"

"डिलीट दाबा," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला. मी खाली मेडिकलमधून बोलतेय. मशीन वर क्लासात आहे."

त्यांनी एक मुलगी मेडिकलच्या दारात उभी केली, एक जिन्यात, एक मशीनवर. मशीन चालू झाल्याचं वरून कळलं तसं मी "दाबा" म्हणालो. मॅडम म्हणाल्या "दाबा". मग दारातून, मग जिन्यातून. माझा शब्द लांब लांब जाताना मला ऐकू येत होता. तोवर रॅम मोजून झाली होती.

"गेलं पुढं," वरून निरोप आला.

पुन्हा केलं. पुन्हा गेलं. फोन ठेवावा, भाऊ आले की बघतील, असं मनात आलं.

मग प्रेसच्या कीबोर्डमधला तो दाणा आठवला आणि मी उभा राहिलो. "मॅडम, माझ्या सांगण्याची वाट बघू नका. मशीनवरच्या मुलीला आधी डिलीट दाबायला लावा, दाबतच राहू दे, मग दुसरीनं मशीन चालू करायचं. निळा पडदा येईपर्यंत थांबायचं नाही."

दारातून, जिन्यातून ते सगळं वर गेलं. मग जिन्यातून, "निळा आला. निळा आला."

पुढचं मी एकेक करून सांगत गेलो. खाली जायचा बाण. ऑटो डिटेक्शन. एंटर. काय दिसतं ते वाचा. होय म्हणा. आता एफ-टेन, म्हणजे नोंद पक्की. घाई करू नका, मी आहे. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी वरून निरोप आला, टायपिंग चालू झालं. मॅडम म्हणाल्या, "बसल्या मुली सरावाला."

मी फोन ठेवला आणि वळलो. भाऊ उन्हात, दाराबाहेर उभे होते. खांद्यावर मॉनिटर, शर्ट घामानं चिंब.

"आत या की, भाऊ."

"तू बोलत होतास," भाऊ म्हणाले.