ओरडणाऱ्या गर्दीतून गुजरीपर्यंत

मी अविनाश रामचंद्र देशमाने, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पुण्यातील एका खासगी कंपनीच्या खरेदी विभागात व्यवस्थापक. गर्दीची धास्ती घेतलेल्या माणसाला सोबत घेऊन कोल्हापूरच्या भर रस्त्यांवर फिरता येते का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा प्रवास केला. कोणाच्या घरी असाच प्रश्न असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

ही धास्ती माझ्या पत्नीची, सुनंदाची. पावसाळा संपता संपता आमच्या भागातील मंडईत ती भाजी निवडत असताना मागून विजेवरची स्कूटर आली. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही. सुनंदा पडली आणि उजवे मनगट मोडले. हाड रीतसर सांधले, पण मंडई सुटली ती सुटलीच. भाजी घरपोच येऊ लागली. रस्त्यात घोळका दिसला की ती पलीकडच्या बाजूने जाऊ लागली.

अशातच आमच्या मुलीचे, मुक्ताचे, लग्न ठरले. तिला कोल्हापुरी साज द्यायचा आणि तो गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, स्वतः बसून निवडायचा, हे सुनंदाने फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. दुकानदाराकडून फोटो मागवू, असे मी सुचवले.

"साज गळ्याशी धरून बघायचा असतो. फोटोला गळा असतो का?" ती म्हणाली. मग म्हणाली, "पण त्या रस्त्यातून मला चालवणार नाही, अहो."

मी नियोजनाला लागलो. सणवार नसलेला आठवडा निवडला, पेढ्या उघडण्याची वेळ फोनवरून विचारून घेतली आणि महाद्वार रोडची गर्दी टाळून गुजरीत मागच्या बाजूने शिरणारी एक गल्ली नकाशावर शोधून काढली.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. महिलांना अर्धे तिकीट आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेले रस्ते लागले, त्यामुळे वेळापत्रकावर विसंबू नये. उजव्या बाजूची आसने घेतली तर दुपारनंतर ऊन त्रास देत नाही, असा माझा अंदाज होता, तो चुकला. उतरल्यावर बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये स्वच्छ, साधी खोली मिळाली.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. तलावाच्या काठाने भेळ, कणसे, फुगे, घोड्यावर बसण्यासाठी हट्ट करणारी मुले. सुनंदाने तलावाच्या कठड्याला पाठ लावून जागा धरली. मागून कोणी येणार नाही, याची तिने आधी खात्री करून घेतली. शेजारी दोन मध्यमवयीन गृहस्थ एकमेकांच्या अंगावर धावून जावे तसे बोलत होते.

"आरं, घरावरनं गेलास आणि आत आला न्हाईस? लाज हाय का न्हाय?"

"तुझ्याच दाराला कुलूप हुतं की! कुठं उलथला हुतास?"

सुनंदाने घाबरून भेळवाल्याला विचारले, "भांडतायत का हो?"

"न्हाय वो मावशी," कांदा चिरता चिरता तो म्हणाला, "इचारपूस चाललीया."

ती हसली. भर रस्त्यात तिचे असे मोकळे हसणे मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. भेळ चाळीस रुपयांची आणि बऱ्यापैकी तिखट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. तेथे म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि दूधवाले गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. रांग अशी नसते. पैलवानी अंगाची मुले, फिरायला निघालेले आजोबा, शाळेच्या गणवेशातली नात, सगळी कोंडाळे करून उभी. सुनंदा लांब कोपऱ्यात थांबली होती. मी पेला घेण्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात दूधवाल्याने बसल्या जागेवरून आरोळी ठोकली.

"ओ वैनी! मागनं म्हस येतीया! डावीकडं सरका!"

सुनंदा डावीकडे सरकली. म्हैस सावकाश तिच्या बाजूने निघून गेली. मी पेला घेऊन तिच्याकडे धावलो. सुनंदा मात्र त्या म्हशीकडे निवांत पाहत होती.

"मला आधी कळलं," पेला हातात घेत ती म्हणाली.

"काय कळलं?"

"मागून म्हैस येते आहे ते."

मी त्या वाक्याकडे लक्ष दिले नाही, कारण मी नकाशा पाहत होतो. मिसळ खाऊन, पेढ्या उघडण्याच्या सुमारास आम्ही माझ्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो. गल्ली गटाराच्या कामासाठी पूर्ण खणून ठेवली होती. खड्ड्याच्या काठी बसलेल्या गृहस्थांनी न विचारता सांगितले, "गुजरीला व्हय? महाद्वारातनं जावा. दुसरी वाट न्हाय आता."

महाद्वार रोड शनिवारी सकाळी कसा असतो, ते सांगतो. दोन्ही कडांना बांगड्या, हळदकुंकू, गजरे, चपला, प्लास्टिकच्या टोपल्या. मधोमध पायी जाणारी माणसे. आणि माणसांमधून वाट काढणाऱ्या हातगाड्या व दुचाक्या. मी सुनंदाला म्हणालो, "परत जाऊ. उद्या पहाटे येऊ, तेव्हा रिकामा असेल."

"पहाटे सराफ उघडतात का?" तिने विचारले आणि पदर खोचून ती निघाली.

थोडे अंतर ती नीट चालली. मग मागून एक मोटारसायकल अगदी जवळ आली आणि सुनंदा एका दुकानाचा खांब धरून थिजल्यासारखी उभी राहिली. आता हिला उचलून न्यावे लागेल, असे मला वाटले. मोटारसायकलवाला मात्र ओरडतच होता, "ओ मावशी, हाय मी मागं! जावा तुम्ही फुडं, दमानं जावा!"

खाली बसलेली बांगडीवाली म्हणाली, "भिऊ नगासा ताई. हितं वरडल्याबिगर कोण फुडं जात न्हाय."

सुनंदाने डोळे मिटले. मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने बोट ओठावर ठेवून मला गप्प केले. ती ऐकत होती. 'सरका की!', 'ओ दादा, पाय!', 'पावणं, गाडी हाय!' डावीकडून, उजवीकडून, मागून. पुण्यातील आमची मंडई याहून कमी गजबजलेली आहे. पण तेथे मागचा माणूस काही बोलत नाही. सुनंदाने डोळे उघडले आणि खांब सोडला.

त्यानंतर तिच्याबरोबर राहणे मलाच जमेना. किती अंतर उरले, हे मोबाईलवर पाहत असताना पेरूंची हातगाडी माझ्या कमरेला घासून गेली.

"ओ पावणं, मोबाईलातनं भाईर या की!" गाडीवाला गरजला. आसपासची माणसे हसली. पुढून सुनंदाचाही आवाज आला, "अहो, डावीकडं सरका!"

गुजरीत तिने चार पेढ्या पाहिल्या. साजाचे प्रत्येक पान बोटांत फिरवून, आरशासमोर गळ्याशी धरून, शेवटी दुसऱ्या पेढीतला साज घेतला. मी शुद्धतेचा शिक्का आणि पावती तपासली. एवढेच काम मला उरले होते. परतताना तिने त्याच बांगडीवालीकडून डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या आणि घासाघीस केली नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. या रस्त्यांवर बसायला जागा आणि स्वच्छतागृहे कमी आहेत, तेव्हा लॉजवरून तयारीनिशी निघावे. आणि कोणी अंगावर ओरडले तर अपमान मानू नये, सरकावे.

रविवारी आम्ही परतलो. काल संध्याकाळी घरपोच भाजी मागवण्यासाठी मी मोबाईल हातात घेतला, तर सुनंदा पिशवी घेऊन दारात उभी. मंडईत मी मुद्दाम तिच्या थोडा मागे राहिलो. मेथीच्या ढिगाजवळ एक आजी वाकून जुड्या पाहत होत्या आणि त्यांच्या मागून एक स्कूटर आवाज न करता आत शिरत होती. मी तोंड उघडण्याआधीच सुनंदाची कोल्हापुरी आरोळी उठली.

"ओ आजी, मागनं गाडी येतीया! डावीकडं सरका!"

सारी मंडई वळून पाहू लागली. आजी सरकल्या, स्कूटर थांबली. सुनंदा कोथिंबिरीचा भाव विचारत पुढे गेली होती.

आपला,
अविनाश रामचंद्र देशमाने
पुणे, दि. १९ जानेवारी २०२५